खडू-फळ्यापलीकडचे शिक्षणशास्त्र

पदवीला शिक्षणशास्त्र हा मायनर विषय घेतला म्हणजे विद्यार्थी शिक्षक होणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. शाळेत शिकवायला डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते, पहिली ते आठवीसाठी टीईटीही. मायनरने ती वाट मोकळी होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत, त्यांपैकी २४ मायनरचे. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, या हिशेबाने ३६० तास. एवढ्यात शिक्षक घडत नाही. पण माणूस एखादी गोष्ट शिकतो कशी, अडतो कुठे आणि त्याला ती आली हे ओळखायचे कसे, याची जाण येऊ शकते. ही जाण लागणारी कामे शाळेबाहेर जागोजागी आहेत.

गडचिरोलीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. श्वासाचा वेग ही त्याची मुख्य खूण. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास झाले, की धोका. त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळासाठी ही मर्यादा ५०. गावातल्या दाईला हे ओळखता यायला हवे होते, पण तिला इतके मोजता येत नव्हते. आधी अंकओळख आणि मग आरोग्य, असा क्रम धरला असता तर तोवर कितीतरी बाळे हातची गेली असती. संस्थेने साधे श्वासमापक तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. दाईला दहापर्यंत मोजता येत होते, तेवढ्याच्या बळावर ही सगळी रचना उभी राहिली. शिकणाऱ्याला काय येते ते आधी पाहावे आणि तिथून सुरुवात करावी, हे शिक्षणशास्त्राचे अगदी पायाभूत तत्त्व. इथे त्याने थेट जीव वाचवण्याचे काम केले.

रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा सांगून ‘समजलं ना?’ असे विचारले जाते. रुग्ण मान डोलावतो, कारण मोठ्या माणसांपुढे नाही म्हणायचा संकोच असतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल?’ असे विचारले, तर अनशापोटीची गोळी जेवणानंतर घेण्याचा बेत जागेवरच उघड होतो. हे मूल्यमापनच आहे, फक्त त्याला प्रश्नपत्रिका नाही. परिचर्या, औषधनिर्माण, आहारशास्त्र या विषयांना शिक्षणशास्त्राची जोड हवी ती याचसाठी.

कृषी विभागाच्या शेतीशाळेतही तेच दिसते. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी सुरू झालेली ही पद्धत महाराष्ट्रात कापूस-सोयाबीनच्या बांधापर्यंत पोहोचली. शेतकरी झाडावरचे किडे स्वतः मोजतात, मित्रकीटक कोणते आणि शत्रू कोणते ते कागदावर मांडतात आणि फवारणी करायची की थांबायचे, हे आपसात बोलून ठरवतात. प्रौढ माणूस आपल्या अनुभवाला धरून शिकतो. त्याला कोरी पाटी समजून बोलले, की तो उठून जातो. कंपनीतले प्रशिक्षण आणि बचत गटांची आर्थिक साक्षरता यांनाही हा नियम लागू आहे. वस्तुसंग्रहालये, पाठ्यपुस्तकांचे संपादन, ऑनलाइन अभ्यासक्रमांची रचना ही क्षेत्रे तर उघडच आहेत.

हे साधायचे तर मायनर म्हणजे काटछाट केलेले बी.एड. असता कामा नये. पाठ टाचणाऐवजी अध्ययनाचे मानसशास्त्र, प्रौढ शिक्षण, आशयाची मांडणी आणि मूल्यमापन यांना जास्त तास मिळावेत. शाळेसोबत आरोग्य केंद्र, संग्रहालय, शेतीशाळा येथेही प्रात्यक्षिक व्हावे. मेजर विषयाशी सांधा जुळणे सर्वांत महत्त्वाचे: सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तीतल्या पाण्याच्या शुद्धीकरणावर माहितीपत्रक तयार करावे, ते पाच घरांत वाचून घ्यावे आणि लोक जिथे अडले ती वाक्ये बदलावीत. नोकरीच्या जाहिरातीत ‘शिक्षणशास्त्र मायनर’ असे क्वचितच लिहिलेले असते. मुलाखतीला जाताना त्या माहितीपत्रकाचा पहिला आणि पाचवा खर्डा सोबत असावा.