तालुक्याच्या गावात खोली मिळेल का?



४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी, मसुद्यात गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचं समाधान व्यक्त केलं. पण खेडं आणि महानगर यांच्यामध्ये तालुक्याचं गाव असतं. मी तिथं वाढले. तिथं राहावं की निघावं, हा प्रश्न आपल्या मुलींपुढे आजही आहे.

फायदे खरे आहेत. तिथं माझी आई कुणाच्या बांधावर राबली नाही. बाजारात भाजी विकून रोख पैसे घरी आणले. कॉलेज चालत गाठता आलं. पोलीस ठाणं जवळ. ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला सोबत चार माणसं मिळतात. १४ एप्रिलची मिरवणूक मुख्य रस्त्यानं जाते.

तोटा आडनावाचा. मी खोली बघायला गेले, तेव्हा मालकीणबाईंनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाल्या, "खोली कालच दिली." महानगरातही हे घडतं, पण तिथं दुसरी गल्ली असते. इथं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळतं.

निमशहरी गावं वाढताहेत. २००१ ला देशात १,३६२ 'जनगणना शहरं' होती, २०११ ला ३,८९४. तिथले बहुतेक पुरुष शेतीबाहेर काम करतात, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. धंदा बदलला म्हणून वस्तीची जागा बदलत नाही.

म्हणून मुलींना नुसतं "शहरात जा" सांगून भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी पुरेशा जागांचं सरकारी वसतिगृह मागूया. तिथली खोली हक्काची असते, मालकाच्या मर्जीची नाही.

जय भीम.