ओढाळ कुत्र्याला वळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या या बैठकीत पापड-लोणच्यापासून बचतगटापर्यंत पुष्कळ विषय झाले. कुत्र्यावर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत जे घडले ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वाऱ्याने शेजारच्या मावशींचे करडू मारले. मावशी आज समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगत आहे.

वाऱ्या आमच्या घरी आला तो माझ्या माहेराहून. माझे माहेर चाकूर तालुक्यातले. त्याच तालुक्यातले जानवळ हे गाव पश्मी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. पश्मी म्हणजे कानाशेपटीला रेशमासारखे लांब केस असलेला. तुळतुळीत, आखूड केसांचा तो कारवानी. कारवाँ म्हणजे तांडा. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या तांड्यांबरोबर ही कुत्री फार पूर्वी दख्खनेत आली, असे सांगतात. कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच धाटणीची कुत्री हौसेने वाढवली. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र 2005 साली आपल्या टपालाच्या तिकिटावरही आले. असे मोठे घराणे! भावाने दोन महिन्यांचे कारवानी पिल्लू टोपलीत घालून आणून दिले, तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो.

ते हरखणे चार महिने टिकले. मग पिल्लाचे पाय लांब झाले आणि माझे हाल सुरू झाले. अंगणातली कोंबडी दिसली की धाव, पोरांची सायकल दिसली की धाव, वाऱ्याने पिशवी उडाली तरी धाव! हाक मारावी तर कान बहिरे. पंढरपूरच्या विठोबाचे लाडके नामदेवमहाराज आपल्याच मराठवाड्यातल्या नरसीचे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, असे आपण कीर्तनात ऐकतो. मी दोर घेऊन धावत होते. एवढाच फरक!

शेवटी आम्ही त्याला खुंट्याला बांधला. सकाळी बांधावा, संध्याकाळी घटकाभर सोडावा. आम्हाला वाटले, आता घोर मिटला. झाले ते उलटेच. दिवसभर तटतटलेला तो जीव एका दुपारी दावे तोडून निघाला आणि समोर मावशींचे करडू उड्या मारीत होते. मी पोळ्या टाकून धावले, पण पोचेपर्यंत सगळे संपले होते.

ते करडू विकून नातवाच्या शाळेची फी भरायची, असा मावशींचा हिशेब होता. आम्ही बाजारभावाने पैसे दिले, पण हाताने दूध पाजून वाढवलेल्या जिवाचे मोल काय देणार? मावशी रागावल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागले. गल्लीत कोणी म्हणाले, विष घाला. ह्यांनीही सांगितले की, लांब नेऊन सोडून येतो. मी दोन महिन्यांची मुदत मागितली.

भावाच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ अशी कुत्री आयुष्यभर पाळत आले आहेत. त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, "बाई, तुझा कुत्रा हट्टी नाही. तो त्याचे काम करतोय. तू त्याला दुसरे काम दिले नाहीस."

मग त्यांनी समजावून सांगितले. शिकारी कुत्र्यांत दोन जाती ठळक. एक नाकावर चालणारी. ती जमिनीला नाक लावून वासाच्या मागे जातात आणि वासात गुंतली की हाक ऐकत नाहीत. दुसरी डोळ्यावर चालणारी. आपला कारवानी हा डोळ्याचा कुत्रा. अरुंद डोके, खोल छाती, बारीक कंबर, सगळे अंग धावण्यासाठीच घडलेले. हललेली वस्तू त्याच्या डोळ्यात भरली की पाय आपोआप सुटतात. पिढ्यान् पिढ्या माणसानेच त्याला निवडून निवडून असा केला. मग तसा वागला म्हणून मारायचे कोणाला?

भगिनींनो, त्या दिवशी माझा राग माझ्यावरच उलटला.

घरी येऊन पहिली गोष्ट केली ती हाकेची. सासूबाई म्हणत "हाड", हे म्हणत "इकडे ये", धाकटा इंग्रजीत बोलावी. त्या मुक्या जिवाने कोणाचे ऐकावे? घरात ठरवले, सर्वांनी फक्त "ये" म्हणायचे. एका पावलावरून "ये" म्हणायचे, आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. मग पाच पावलांवरून, मग अंगणाच्या टोकावरून. बैलाचा जुना कासरा गळपट्ट्याला बांधला, म्हणजे तो मोकळा असल्यासारखा वाटे, पण हातचा सुटत नसे.

इथे माझी एक चूक सांगते. एकदा तो वाळवणावरून धावला. मी "ये" म्हटले, तो आला, आणि मी पाठीत धपाटा घातला. पुढे आठ दिवस तो हाकेला आला नाही. बोलावून मारले तर कोण येईल? आपली मुले तरी येतात का? तेव्हापासून नियम केला की, आला तो कितीही उशिरा आला तरी त्याला तुकडा मिळायचा. आणि सुटला तर मागे धावायचे नाही. आपण मागे धावलो की त्याला खेळ वाटतो. आपण उलट दिशेला पळायचे, मग तोच मागे येतो. लेंडी नदीच्या बाजूला मी अशी पळाले आहे. लोक हसले. हसू देत.

दुसरी गोष्ट धावण्याची. दिरांच्या शेताला तारेचे कुंपण आहे. पहाटे ऊन चढायच्या आत तिथे नेऊन मोकळा सोडायचा. धाकटा लांब दोरीला पोत्याचा चिंधडा बांधून सायकलवरून ओढी आणि वाऱ्या त्याच्यामागे वाऱ्यासारखा सुटे. अर्धा तास झाला की जीभ बाहेर. घरी आला की ओसरीवर पाय ताणून दुपारपर्यंत झोप. ज्याला मी उपद्व्यापी म्हणत होते तो कुत्रा एवढा झोपाळू असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

पावसात शेतात जाता येत नसे. तेव्हा नाकाचे काम दिले. कुत्रा डोळ्याचा असला तरी नाक त्यालाही देवाने दिलेच आहे. 1993 साली मुंबईतल्या बाँबस्फोटांच्या वेळी पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने नाकाच्या बळावर स्फोटके हुडकली, हे आपण ऐकले आहे. आमच्याकडे स्फोटके नाहीत, भाकरी आहे. टोपलीखाली, पोत्याच्या घडीत तुकडे लपवायचे आणि त्याला शोधू द्यायचे. पाव तास हुंगून तो तासभर पळाल्यासारखा दमतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, शेळीची. ती मावशींमुळेच झाली. एके दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "तुझे कुत्रे शिकायचे तर शेळी माझीच लागेल ना?" त्या आपली शेळी घेऊन ओट्यावर बसत. मी वाऱ्याला कासऱ्यावर गल्लीच्या पार टोकाला धरून उभी राही. त्याने शेळीकडे पाहिले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले की तुकडा. ओढ घेतली की ओरडायचे नाही, दहा पावले मागे जायचे. आठवड्याला दोन-चार पावले पुढे. मुदतीचे दोन महिने पुरले नाहीत, पाच लागले. आता शेळी समोरून गेली तर तो थरथरतो, पण माझ्याकडे पाहतो.

म्हणून मी त्याला गल्लीत मोकळा सोडते का? मुळीच नाही. वळण लागले म्हणून डोळा बदलत नाही. हे जो विसरेल त्याच्या शेजारणीचे करडू पुन्हा जाईल.

जाता जाता तीन गोष्टी सांगते. काही तरुण मुले ससा धरायला वाऱ्याला मागायला आली होती. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. मी त्यांना चहा दिला, कुत्रा दिला नाही. दुसरे, प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून 1960 साली जो कायदा झाला, त्यात सदा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडवण्याफिरवण्यात हयगय करणे हाही अपराध धरला आहे. म्हणजे खुंट्याला बांधून मी अपराधच करीत होते! तिसरे, कुत्रे कोणाचेही असो, त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. कोणाला कुत्रे चावलेच तर हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हा रोग एकदा उमटला की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ नाहीच.

मावशींच्या शेळीला यंदा पुन्हा दोन करडे झाली. पाचव्या दिवशी मावशींनी मला हाक मारून एक माझ्या मांडीवर ठेवले. वाऱ्या आमच्या ओसरीवर बांधलेला होता. तो कान टवकारून बघत होता. त्याला काय वाटले ते देव जाणे. माझे मात्र डोळे भरून आले.