सोंगाला टाळ्या, लेकराला टोमणे?

(रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

शिमगा आला की रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांत नमन-खेळ्यांचे मृदंग घुमू लागतात. गणानंतर गौळण रंगते. लुगडे नेसून लाजणारी, मुरडणारी ही गवळण परंपरेने वाडीतलाच एखादा तरुण असतो. तिला टाळ्या मिळतात, बक्षिसी मिळते. मात्र त्याच वाडीतील एखाद्या मुलाची चाल मुळातच नाजूक असेल, तर त्याच्या वाट्याला बाराही महिने टोमणे येतात. सोंगाला मान आणि माणसाला अवमान, ही विसंगती आजच्या विषयाच्या मुळाशी आहे.

समलैंगिकता हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे एक पक्ष म्हणतो. आपल्या परंपरेने सारे काही मान्यच केले होते, असे दुसरा पक्ष सांगतो. वस्तुतः दोन्ही अर्धसत्ये होत. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर आहे. गोव्यात म्हार्दोळची महालसा मोहिनीरूपाने पूजिली जाते. महाभारतात बृहन्नडा आहे, शिखंडी आहे. परंतु बृहन्नडेचे रूप शापाने आले आणि अज्ञातवासाच्या वर्षापुरतेच राहिले. स्मृतिग्रंथांत निषेध आहे, प्रायश्चित्तेही आहेत. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा मात्र इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने आणली. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. परंपरेने अशा व्यक्तींविषयी प्रश्न विचारले, पण त्यांना कथेतून हाकलून दिले नाही, एवढे निश्चित.

मराठी साहित्यानेही हा विषय टाळलेला नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रेला समजून घेणारा बापू हा एकच मित्र आहे, आणि तोही अखेरपर्यंत पुरा पडत नाही. नाटकाचा शेवट तिच्या आत्महत्येने होतो. १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा नायिकांच्या राधा आणि सीता या नावांवरून संताप उसळला. श्रद्धास्थानांशी निगडित नावे वापरताना तारतम्य हवे, हा आक्षेप रास्तच होता. तथापि त्या गदारोळात, भरल्या घरात स्त्री एकाकी का पडते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने २००९ मध्ये, देवाच्या नावाने मुलाला बळेच जोगत्या करणाऱ्या रूढीचे क्रौर्य दाखविले. धर्म आणि रूढी यांतील भेद ओळखण्याची दृष्टी असा चित्रपट देतो.

सर्वांत जवळचे उदाहरण सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ च्या कादंबरीचे. एका मध्यमवर्गीय मराठी घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचाही जीव जडतो. तो दोघांनाही सोडून जातो. अनुजाचे दुःख घराला दिसते; घर रागावते, पण तिला सावरतेही. तनयचे दुःख कोणाला ठाऊकच नसते. एकाच छपराखाली एका अपत्याला रडण्याची मुभा आहे आणि दुसऱ्याला नाही. ही कादंबरी वाचून अस्वस्थ न होणारा पालक विरळाच.

सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत महाभारतातील हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन, अशा व्यक्ती समाजात पूर्वापार आहेत व त्यांनाही समाजात आपले स्थान वाटले पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. विवाहाचा प्रश्न निराळा आहे. हिंदू दृष्टीने विवाह हा केवळ करार नसून संस्कार आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलैंगिक विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय विधिमंडळांच्या कक्षेतील मानला. त्यावर मतभेद राहतील, चर्चा होत राहील. परंतु पोटच्या मुलाला जवळ घेण्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

कुटुंबव्यवस्था ही आपल्या समाजाची सर्वांत मोठी शक्ती, असे आपण अभिमानाने सांगतो. ज्या घरात सर्वांत वेगळ्या लेकराला मन मोकळे करता येत नाही, त्या घराने हा अभिमान कशाच्या बळावर मिरवावा? पुढच्या शिमग्यात गौळणीला टाळ्या द्याव्यातच. त्या वेळी मांडाच्या कडेला मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाच्या खांद्यावरही कोणी हात ठेवावा.