सुट्टीतलं पुस्तक आणि मोकळे हात
(बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

आजच्या चर्चेत पाण्याचा टँकर आहे, रोजगार हमीची मजुरी आहे, गावातली दारू आहे. त्यात 'सुट्टीत लेकरांचं वाचन' हा विषय ऐकून काही जणी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "बाई, प्यायला पाणी नाही अन् वाचायचं कुठं काढलंस?" मावशींचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी पाण्यापासूनच सुरुवात करते.

पुस्तकातली मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात, आंबे खातात. आपल्याकडं मामाही नुकताच फडावरून आलेला असतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, केज या भागांतली माणसं दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कर्नाटकाकडं जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. लेकरू बरोबर नेलं तर त्याची शाळा अर्ध्या वर्षाची बुडते. ते गावी येऊन टेकतं न टेकतं तोच मे महिना लागतो आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. म्हणजे त्याला शाळेत बसायला सवड होते, तेव्हा शाळेला कुलूप असतं. जे लेकरू आज्जीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं, त्याची तऱ्हा वेगळी. हंगाम संपला की वसतिगृह संपतं, आणि पाच-सहा महिने न पाहिलेल्या आई-बापाबरोबर पुन्हा एका घरात राहायला शिकावं लागतं.

ते घर कसं असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. उचल फिटलेली नसते, मुकादमाची बाकी डोक्यावर असते. नवऱ्याचा राग बायकोवर, बायकोचा लेकरावर निघतो. या सगळ्यात सुट्टी नक्की कुणाला? पोरगा क्रिकेट खेळायला जातो. पोरगी हंडे भरते, भाकरी थापते, धाकट्याला कडेवर घेते, शेळ्या सोडते. तिला वाचायची आवड नाही असं म्हणतात. मी पाहिलेल्या मुली भिंतीला चिकटवलेला जुना पेपरसुद्धा वाचतात. कमी पडतात ते मोकळे हात.

शहरातली मासिकं सांगतात, सुट्टीत आईनं रोज मुलाला जवळ घेऊन गोष्ट वाचावी. सल्ला चांगला आहे. पण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मोळ्या वाहून आलेल्या बाईवर हे आणखी एक काम टाकायचं, आणि मूल मागं पडलं की तिलाच बोल लावायचा, हे आपण मान्य करायचं नाही. वाचन ही साऱ्या वस्तीची जबाबदारी आहे, आणि ती घरकामाच्या वाटणीपासून सुरू होते.

आमच्या वस्तीवर आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या सांगते.

पहिली गोष्ट कपाटाच्या किल्लीची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेला पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रांसह ग्रंथालय हवं असं लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात, हेही त्यात आहे. या बायांनी फक्त सह्या-अंगठ्यापुरतं जायचं नाही. एप्रिलच्या बैठकीत ठराव करायचा की सुट्टीत गोष्टींची पुस्तकं यादी करून वस्तीत द्या. "हरवली तर?" असं विचारतील. वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकाचा जाब कुणी विचारत नाही, तो आपण विचारायचा. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना दुपारचं जेवण द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं, २०१६ साली पुन्हा सांगितलं. पोटासाठी शाळेची चूल सुट्टीत पेटू शकते, तर पुस्तकाचं कपाटही उघडू शकतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. ज्या घरी मोबाईल आहे, तिथं तो एक तास पोरांच्या गोष्टींसाठी मागून घ्या.

दुसरी गोष्ट तासाची. आमचा तास टँकरवर ठरतो. टँकर येऊन गेला की समाजमंदिरात जमायचं. धाकटी भावंडं बरोबर आली तरी चालतील. नियम एकच: बहिणीला कामाला जुंपून येणाऱ्या मुलाला पुस्तक मिळणार नाही. आधी दोघांनी मिळून पाणी भरायचं, मग दोघांनी यायचं. एक बाप भांडायला आला, "माझा पोरगा हंडा उचलणार नाही." आम्ही म्हटलं, "मग पुस्तकही उचलणार नाही." चार दिवस पोरगा लांबून पाहत होता. पाचव्या दिवशी कळशी घेऊन रांगेत उभा राहिला.

तिसरी गोष्ट, काय वाचायचं. गोष्टी तर वाचायच्याच, मोठ्यानं, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ऐकू जातील. आज्ज्यांच्या जात्यावरच्या ओव्या पोरींनी वहीत उतरवल्या. पण रेशनकार्ड, मजुरीची पावती, मुकादमाची वहीसुद्धा वाचायची. आठवीतल्या एका मुलीनं आईच्या उचलीचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा आईला कळलं की न घेतलेले पैसेही तिच्या जोडीच्या नावावर मांडलेत. त्या दिवसापासून ती माय स्वतः पोरीला वाचायला धाडते. आणि मुलींनी लिहावंही. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांचं दुःख तिनं स्वतः मांडलं. आपल्या मुलींनी फडावरच्या कोपीतलं जिणं मांडलं तर तेही साहित्यच आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, हजेरी. मे महिना लग्नसराईचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ प्रमाणे बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायांमधल्या ४३ हून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. शाळा सुरू असताना पोरगी आली नाही तर गुरुजी विचारतात. सुट्टीत कोण विचारणार? आमच्याकडं मुलगी दोन दिवस दिसली नाही की आम्ही घरी जातो. असंच एकदा नववीतल्या मुलीच्या घरी गेलो तर सुपारी फुटायची तयारी चालू होती. आम्ही बसलो, बोललो. २००६ चा कायदा सांगितला. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो आणि १०९८ वर फोन करता येतो, हेही सांगितलं. लग्न थांबलं. पण तिची आई म्हणाली, "ताई, आम्ही फडावर गेल्यावर हिला कुणाच्या भरवशावर ठेवू?" तो अडाणीपणा नव्हता, खरी भीती होती. नवरा-बायको मिळून एक कोयता ही पद्धत आणि मागं राहणाऱ्या मुलीची ही भीती, दोन्ही मिळून पोरींना बोहल्यावर चढवतात. २०२१ साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृह योजना आणली. आपल्या तालुक्यात मुलींना त्यात जागा आहे का, हे प्रत्येक गटानं तहसीलवर जाऊन विचारलं पाहिजे. आणि वसतिगृह वर्षभर उघडं हवं, केवळ साखर कारखान्याच्या हंगामापुरतं नको.

तर मैत्रिणींनो, येत्या सुट्टीआधी तीन कामं करू. समितीत ठराव करून पुस्तकांची यादी हातात घ्यायची. टँकरच्या वेळेप्रमाणे वाचनाचा तास नेमायचा, त्यात घरातल्या पुरुषाच्या वाट्याला कोणतं काम येणार हे त्याच्यासमोर ठरवायचं. आणि वस्तीतल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलीचं नाव एका वहीत लिहायचं. जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा ती वही घेऊन दारात उभं राहू आणि एकेक नाव मोजून आत सोडू.