गोधडीचे रंग आणि काठ
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'गोधडी' असे उत्तर दिले. ते ऐकून काही तरुण मंडळी हसली. परंतु आपण शिंपी. कात्रणांचे गाठोडे नाही असे घर आपल्या समाजात पूर्वी शोधूनही सापडले नसते. तेव्हा हा विषय आपला नव्हे, तर कोणाचा?

गोधडीला आधी काढलेला आराखडा नसतो. हाताशी जे जुनेर येईल त्यातूनच ती वाढत जाते. तथापि तिला नियमच नाहीत असे कोणी समजू नये. आमच्या मातोश्री प्रथम सर्व तुकडे जमिनीवर मांडीत आणि उंबऱ्यापाशी जाऊन डोळे किलकिले करून पाहत. तसे पाहिले असता रंगांची नावे मनातून जातात व उजळ आणि गडद एवढाच भेद उरतो. दोन गडद तुकडे शेजारी आले, तर तेथे खळगा पडल्यासारखा दिसे. मग त्या दोहोंमध्ये एखादा फिका तुकडा सरकवीत. कुंकवासारखा लाल रंग त्या तिखटाप्रमाणे वापरीत. थोडा, पण सर्वत्र. नव्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिल्यावाचून त्या ते कापड घेत नसत; कारण एक कच्चा रंग सुटला की सारी गोधडी बिघडते.

काठाचा निर्णय त्या सर्वांच्या शेवटी करीत. मधल्या भागात जो रंग अगदी थोडा आला असेल, त्याच रंगाचा काठ लावावा. म्हणजे विखुरलेले तुकडे एका घरचे दिसू लागतात. गोधडी प्रथम झिजते ती कडेलाच. म्हणून तेथे विरलेले कापड चालत नाही. हिशेब सोपा आहे. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीचा घेर २० फूट. नऊवारी लुगड्याचा एक काठ २७ फूट. कोपरे दुमडूनही तो पुरून उरतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया तर आपल्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची 'फुले' शिवल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत.

आता घरची एक गोष्ट सांगतो. सन १९६८ मध्ये आमच्या धाकट्या भगिनीचा जन्म झाला. आमच्या आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. त्यांची लुगडी पांढरी, बिनकाठाची. त्यांतील एक धुऊन धुऊन इतके मऊ झाले होते की, बाळाच्या अंगाला तसे कापड घरात दुसरे नव्हते. मातोश्रींनी गोधडीसाठी ते मागितले. आत्या म्हणाल्या, "वहिनी, माझे वस्त्र लेकराच्या अंगाखाली नको. लोक नावे ठेवतील." शेजारच्या वृद्ध स्त्रियांनीही तोच सूर लावला.

मातोश्री म्हणाल्या, "वन्सं, लेकराला ऊब कळते, शकुन-अपशकुन कळत नाही." त्यांनी तो पांढरा तुकडा बरोबर मध्यभागी घातला आणि त्याभोवती चारी बाजूंनी लाल काठ लावला. शेवटचा टाका त्यांनी आत्यांकडून घालून घेतला. आमची भगिनी त्याच गोधडीत वाढली.

पुढे १९८९ साली तिचा विवाह झाला. मातोश्री तेव्हा हयात नव्हत्या. ओटी भरण्याच्या वेळी आत्या माजघरात एकट्या बसून राहिल्या. त्यांना कोणी बोलाविले नाही आणि आम्हीही नाही. शाळेत मुलांना समतेचे धडे देणारे आम्ही, त्या मांडवात तोंडातून एक शब्द काढू शकलो नाही. आत्या आता नाहीत. ती चूक दुरुस्त करावयास आम्हांस वाव उरलेला नाही.

आपणांस मात्र आहे. येत्या संक्रांतीस समाजाच्या वतीने हळदीकुंकू होईल. त्याचे आमंत्रण आपल्या विधवा भगिनींनाही जावे आणि त्यांना मध्यभागी बसवावे, एवढीच आमची विनंती आहे. कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा.