ड्रेसिंगच्या खोलीतला प्रश्न



२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, १८१ हा मदतीचा नंबर, हे इथं मालवणात बसलेल्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मी परिचारिका होते, तेव्हा माझं म्हणणं दवाखान्यातलं आहे: संस्थांना, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण जरूर द्या, पण पहिलं द्या जखम बांधणाऱ्या बाईला.

१९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मोठं काम. पण आपल्याकडे बाई पोलीस ठाण्याची पायरी चढली, तर ती घरी पोचायच्या आधी बातमी बंदरावर पोचते. (हशा) हसलात, म्हणजे पटलं. दवाखान्याच्या पायरीवर मात्र कुणी विचारत नाही. केसपेपर हाच तिचा आडोसा. २००० साली ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभारलं, ते रुग्णालयाच्या आतच. तिथल्याच डॉक्टर-नर्सना असं तयार केलं, की त्यांनी पुढं आपल्या सहकाऱ्यांना शिकवावं. बाहेरून व्याख्याता येऊन जातो. वॉर्डातली सिस्टर वॉर्डातच असते.

एक प्रसंग थोडक्यात सांगते. मासळी विकणारी एक बाई आली, हात मोडलेला. सोबत सासू. मी सासूसमोरच विचारलं, कशानं झालं? म्हणाली, “पाय घसारलो, पडलंय.” मी लिहिलं, पडून दुखापत. पडणारा माणूस तळहात टेकतो, तेव्हा बहुतेकदा मनगट जातं. हिचं हाड मोडलं होतं करंगळीच्या बाजूचं, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. डोक्यावर येणारा घाव अडवायला हात वर केला की तिथं लागतं. मला हे कळत होतं. तरी लिहिलं, पडून. मागं रांग होती, आणि विचारून पुढं करायचं काय हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, कान सुजलेला. या वेळी सासूला केसपेपर काढायला पाठवलं, दार लावलं, विचारलं, “घरात कोण मारता काय तुका?” रडली नाही. म्हणाली, “बाय, तेव्हाच इचारूक होया होता.”

ते चार महिने माझ्या नावावर आहेत.

मागून कुणी म्हणालं, “आपल्याकडे असलं नाही, ते घाटावर.” दादा, मी दोष द्यायला आले नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी चौघींत एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरातल्या चौदाजणींनीच कुणाकडे मदत मागितली. लिलावात व्यापाऱ्याला गप्प करणारी बाई घरात गप्प असू शकते. मी तिचा हात बांधलाय.

चिठ्ठी आली. जत्रेला जायचंय, दशावतार कुणाला चुकवायचा नाही, मलाही नाही. तर भरभर सांगते. तिला एकटीला विचारायचं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवायचं, घाव कुठं आहे ते लिहायचं. पुढं कोर्टात तोच कागद बोलतो. तक्रार केली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे कायद्याच्या नियमांतच आहे. ‘जुळवून घे’ हा शब्द आपल्या तोंडी नको. आज रात्री घरी गेलीस तर जिवाला धोका आहे का, हे विचारल्याशिवाय तिला सोडायचं नाही. आणि हे एका दिवसाच्या शिबिरात, जेवण आणि प्रमाणपत्र यांच्या मध्ये, होत नाही. बदल्या होतात, नवी माणसं येतात. दर सहा महिन्यांनी परत बसावं लागतं.

आशाताई आणि सिस्टर किती आहात? हात वर करा. नऊ. तुम्ही दहा मिनिटं थांबा. खुर्च्या जवळ घेऊ, जोडीजोडीनं बसू, आणि तो एक प्रश्न मालवणीत विचारून बघू. पहिल्यांदा जीभ अडखळते. माझी अडखळली होती.