चार दिवसांची रजा आणि तीन किल्ले



परदेशी जाऊन आलेला मनुष्य पाहतो थोडे आणि सांगतो फार, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्यामुळे चालकांनी विषय मागितला तेव्हा आम्ही जरा कचरलो. आम्ही काही संशोधनाला गेलो नव्हतो. मुलाकडे गेलो होतो. तो बरीच वर्षे मँचेस्टरजवळ राहतो. दहा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू, दोघांचाही जन्म तिकडचाच. मे महिन्याच्या अखेरीस तिकडे शाळांना आठवडाभर सुटी असते. त्या आठवड्यात मुलाने चार दिवसांची रजा काढली आणि आम्हा उभयतांना, सूनबाईंना व दोन्ही मुलांना गाडीत घालून वेल्सचे किल्ले दाखवायला नेले.

चार दिवस म्हणजे आपल्याला थोडे वाटतील. आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे आजोळ, आणि आजोळ म्हणजे तारखा विसरायच्या. परत कधी निघायचे, हे आंबे संपले की ठरे. तिकडे तसे नाही. शाळा चालू असताना परवानगीवाचून मुलांना सहलीला नेले तर आईबापांना दंड होऊ शकतो. रजा मोजून मिळते आणि मोजून खर्चावी लागते. मुलाने वेळापत्रकाचा कागदच केला होता. त्यावर कॉन्वीच्या किल्ल्याला दीड तास, जेवणाला चाळीस मिनिटे असे लिहिलेले. आम्ही म्हणालो, "अरे, आमच्या बोलण्याला किती ठेवली आहेस?" तो म्हणाला, "बाबा, ती गाडीत धरली आहेत."

किल्ल्यांची हकीगत आधी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स. तिथले लोक निराळे, भाषा निराळी. १२८२ च्या डिसेंबरात त्यांचा राजा लुएलिन मारला गेला आणि इंग्लंडचा पहिला एडवर्ड याने तो मुलुख घेतला. घेतलेला राखायचा, म्हणून त्याने उत्तरेच्या किनाऱ्याने किल्ल्यांची साखळीच बांधायला काढली. १२८३ मध्ये कॉन्वी, कारनार्व्हन आणि हार्लेख, १२९५ मध्ये ब्यूमारिस. किल्ल्याचा एक पाय पाण्यात किंवा पाण्याजवळ. जमिनीवरून वेढा पडला तरी जहाजाने दाणागोटा यावा. या चारींची मिळून १९८६ साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. आपल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची त्याच यादीत नोंद झाली ती २०२५ साली. यादी एकच, पण किल्ले उलट जातीचे. आपले डोंगरातले बहुतेक किल्ले बलाढ्य सत्तेला तोंड देण्यासाठी लढले. हे किल्ले बलाढ्य सत्तेनेच, जिंकलेल्या लोकांच्या छातीवर बांधलेले. आमच्यासारख्या रायगड-प्रतापगडाच्या मनुष्याला या किल्ल्यांत कोणाच्या बाजूने उभे राहावे हेच पहिल्यांदा कळत नाही.

कॉन्वी पाहिल्यावर हे नीट ध्यानात आले. आठ गोल बुरूज, आणि किल्ल्याच्या अंगालाच जोडलेले तटबंद गाव. गावाचा तट सुमारे सव्वा किलोमीटर लांब, त्याला २१ बुरूज. हे सारे चार-पाच वर्षांत उभे राहिले आणि त्या काळचे सुमारे १५,००० पौंड लागले. मुख्य कारागीर होता सेंट जॉर्जचा जेम्स नावाचा, फ्रान्सच्या बाजूच्या सॅव्हॉय मुलुखातला. जागेवर आधी एक मठ होता. त्यात लुएलिनच्या आजोबांची समाधी होती. मठ उचलून दुसरीकडे नेला आणि त्या जागी राजाचे गाव वसवले. वसवले कोणासाठी? इंग्लंडहून आणलेल्या इंग्रजांसाठी. वेल्श माणसाने तटाच्या आत वस्ती करू नये, हत्यार घेऊन शिरू नये, असे कायदे बंडानंतर झाले. व्यवहारात पुढे त्यांत ढिलाई आली, तरी कायदे होते हे खरेच. थोडक्यात, तटाच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी.

त्या बुरुजाचा गोल जिना चढताना आम्ही पायऱ्या मोजू लागलो. मोठ्याने, मराठीत. सहा वर्षांचा नातू मागून "एक, दोन, तीन" करीत येत होता. नात मात्र गप्प. आम्ही म्हणालो, "तूही मोज की!" तिने इंग्रजीत उत्तर दिले. तिला मराठी सगळे कळते, बोलते मात्र इंग्रजी. उत्तराचा मथितार्थ असा, की मी मराठी बोलले की तुम्ही सगळे हसता.

श्रोतेहो, हे खरे होते. दोन वर्षांपूर्वी ती भारतात आली होती तेव्हा "माझा आजी आला" म्हणाली आणि सगळे घर हसले. शेजाऱ्यांना बोलावून तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतले. आम्हीच. कौतुकाने हो, पण आठ वर्षांच्या पोरीला कौतुक आणि टिंगल यांतला भेद कोणी शिकवलेला असतो? त्या दिवसापासून तिने तोंडातले मराठी काढून ठेवले आणि आम्हांला वाटत राहिले की परदेशामुळे गेले.

बुरुजावरून खाडी फार सुंदर दिसते. किल्ल्याला लागूनच टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल आहे. त्याला किल्ल्यासारखे कंगोरे काढले आहेत, शेजाऱ्याचा मान राखावा म्हणून. धक्क्यावर ब्रिटनमधले सर्वांत लहान घर म्हणून एक तांबडे खोपटे दाखवतात, रुंदी सहा फूट. मुलांना किल्ल्यापेक्षा तेच आवडले. आमचे लक्ष मात्र लागत नव्हते.

गाडीत बसल्यावर रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेला एक शब्द वारंवार दिसू लागला. त्याचा उच्चार 'अराव्ह'. खाली इंग्रजीत त्याचाच अर्थ: सावकाश. नातवाला हा शब्द इतका आवडला की वळण आले की तो ओरडे, "बाबा, अराव्ह!" हे दोन भाषांतले फलक आपोआप आलेले नाहीत. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॉन्डर्स लुइस नावाच्या वेल्श नाटककाराने रेडिओवर एक व्याख्यान दिले. विषय, भाषेचे भवितव्य. हे असेच चालले तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी भाषेसाठी तरुणांची संघटना निघाली. पुढे त्या पोरांनी फक्त इंग्रजी असलेले रस्त्यांवरचे फलक रंगाने बुजवले, काढून नेले, खटले ओढवून घेतले, तुरुंगात गेले. १९७२ साली सरकारी समितीने दोन्ही भाषांच्या फलकांची शिफारस केली. व्याख्यानांनी काय होते, असे आपल्याला नेहमी विचारले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. सगळ्याच व्याख्यानांनी होत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

दुसरा दिवस ब्यूमारिसचा. हा किल्ला अँग्लसी बेटावर. नकाशा इतका रेखीव की पाहणारे त्याला चारींत श्रेष्ठ म्हणतात. तटाच्या आत तट, बाहेर खंदक. पण पुरा झालाच नाही. राजाचा पैसा आणि लक्ष स्कॉटलंडच्या लढाईकडे गेले आणि बुरूज अर्ध्यावर राहिले. पाऊस इतका कोसळत होता की आमची थालीपिठे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच खाल्ली. काचा वाफेने धुरकट झाल्या. सौभाग्यवतींनी काचेवर बोटाने 'श्री' काढली. नातीने ती शेजारी जशीच्या तशी गिरवली. कागदावरची चाळीस मिनिटे टळून दीड तास झाला आणि चिरंजीव काही बोलले नाहीत. सगळ्या प्रवासात आम्ही सर्वांत सुखी कुठे होतो, असे कोणी विचारले तर आम्ही त्या मोटारीचेच नाव सांगू.

तिसऱ्या दिवशी कारनार्व्हन. या किल्ल्याचे बुरूज गोल नाहीत, अनेक कोनांचे आहेत, आणि भिंतीत रंगीत दगडांचे पट्टे आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी, आपण रोमन सम्राटांचे वारस दिसावे, अशी एडवर्डची इच्छा असावी असे बरेच अभ्यासक म्हणतात. त्याचा मुलगा, पुढचा दुसरा एडवर्ड, १२८४ साली इथेच जन्मला. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी मॅडॉगच्या हाताखाली बंड करून हे गाव घेतले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. १९६९ च्या जुलैत चार्ल्स यांना युवराजपदाची वस्त्रे इथेच दिली. त्याआधी त्यांनी अ‍ॅबरिस्टविथला काही आठवडे वेल्श भाषेचे धडे घेतले. २०२३ पासून किल्ल्याच्या राजदरवाजात लिफ्ट आहे. सौभाग्यवतींचे गुडघे पाहता, त्या गावात आम्हांला राजाहून लिफ्टवाल्याचे उपकार मोठे वाटले.

पण सांगण्यासारखे आहे ते किल्ल्याच्या बाहेर. वस्ती दहा हजारांच्या आतली. ज्या तटाच्या आत वेल्श माणसाने राहू नये असे कायदे झाले, त्या गावात आज पाच माणसांतल्या चारांहून अधिक लोक वेल्श बोलतात. सबंध वेल्समध्ये हे प्रमाण २०२१ च्या शिरगणतीत शेकडा १७.८ इतके खाली आले आहे. कारनार्व्हन मात्र भाषेचा गड आहे. आम्ही एका पावाच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरची मुलगी एका म्हातारबाबांशी वेल्शमध्ये बोलत होती. आमच्याकडे वळली ती सफाईदार इंग्रजीत. सूनबाईंनी फलकावर वाचलेला आभाराचा वेल्श शब्द धीर करून म्हणून पाहिला आणि चुकल्या. ती मुलगी हसली नाही. तिने तोच शब्द हळू म्हणून दाखवला आणि सूनबाईंना पुन्हा म्हणू दिला.

बाहेर आल्यावर नातीने विचारले, इंग्रजीतच, "त्यांना इंग्रजी येतं ना?"

"येतं की."

"मग?"

त्या 'मग'ला आम्हांला उत्तर देता आले नाही.

किल्ल्यासमोर मोठा चौक आहे. तिथे पाच-सहा मुले लपंडाव खेळत होती. एकीवर राज्य होते. ती भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणत होती. नात उभी राहून ऐकू लागली. वेल्शमध्ये सात म्हणजे 'साइथ', आठ म्हणजे 'उइथ', आणि नऊ म्हणजे 'नाउ'. ती मुलगी 'नाउ' म्हणाली आणि आमची नात आमचा हात धरून ओरडली, "आजोबा, नऊ! ती नऊ म्हणाली!"

हे वाक्य मराठी होते. आम्ही ते ऐकले न ऐकलेसे केले. सौभाग्यवतींना मात्र डोळे पुसायला चश्मा काढावा लागला.

नऊ आणि 'नाउ' यांचे नाते खरेच आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडले. केल्टिक भाषाही त्याच घरच्या असाव्यात, असे तिथेच सुचवले. वेल्श ही केल्टिक. या जोन्स यांचे वडील अँग्लसीचे, म्हणजे आम्ही थालीपिठे खाल्ली त्याच बेटावरचे. मुलगा लंडनमध्ये वाढला. अशी आख्यायिका आहे, की इंग्रज वकिलाने फ्रान्सच्या राजाशी त्यांची ओळख करून देताना सांगितले: या गृहस्थांना जगातल्या सगळ्या भाषा येतात, यांची स्वतःची सोडून. आख्यायिका रात्री सांगितली तेव्हा चिरंजीव हसले आणि मग बराच वेळ गप्प झाले.

त्या संध्याकाळी गावाच्या तटाच्या कडेने चालताना नात आपण होऊन पावले मोजू लागली. अठ्ठावीसपर्यंत आली, थबकली आणि म्हणाली, "वीसनऊ." आम्ही ओठ घट्ट मिटले. २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा धर्तीचे वाचन आले तेव्हा किती गदारोळ झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. आम्हीही त्या वेळी विरोधकांत होतो. वेल्शमध्ये हेच झालेले आहे. जुन्या मोजणीत अठरा म्हणजे 'दोन नवे' आणि एकोणीस म्हणजे 'पंधरावर चार'. शाळेत मात्र 'एक दहा नऊ' अशी सरळ मोजणी शिकवतात. वय, तारीख, घड्याळ यांना जुनी, हिशेबाला नवी, अशा दोन्ही एकाच घरात नांदतात. आम्ही नातीला म्हणालो, "वीसनऊ. त्याला आम्ही एकोणतीस म्हणतो." ती म्हणाली, "म्हणजे तीसला एक कमी?" आणि पुढे चालू लागली.

चौथा दिवस हार्लेखचा होता. हा किल्ला ओवाइन ग्लिनडूर या वेल्श वीराने १४०४ मध्ये घेतला आणि १४०९ पर्यंत राखला; एकूण आमच्या पक्षाचा किल्ला तो एवढाच. रात्री दहाला मुलाच्या कचेरीतून दूरध्वनी आला. काही यंत्रणा बंद पडली होती. रजेवर असलेल्या माणसाने येण्याचे कारण नव्हते, पण तिकडेही 'कारण नाही' म्हणून भागत नाही. सकाळी परत फिरलो. मुलगा दोनदा म्हणाला, "बाबा, सॉरी." आम्ही त्याला म्हणालो, "अरे, आम्हीही तुझ्या लहानपणी कचेरीतच होतो." हेही खरेच होते.

हार्लेखच्या खडकावरून खाली जुन्या समुद्रदरवाजापर्यंत १०८ पायऱ्यांची वाट आहे, असे पुस्तकात लिहिले आहे. समुद्र आता मागे हटला आहे. नातीला हा आकडा आम्ही सांगून ठेवला. आता रविवारी दूरध्वनीवर तिची मोजणी चालते, एकशे आठपर्यंत पोहोचायचे म्हणून. एकोणसत्तर आले, एकोणऐंशी आले, एकोणनव्वदही आले. गेल्या रविवारी ती धडाक्याने पुढे गेली आणि म्हणाली, "अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर."

आम्ही म्हणालो, "नव्याण्णव."

"का? एकोणनव्वद चालतं, मग एकोणशंभर का नाही?"

आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले, त्यांनी आमच्याकडे. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे. श्रोत्यांत कोणी व्याकरणाचे जाणकार असतील, तर त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर कृपा करून आम्हांला भेटावे.